दोन नळांचं घर

लंडनच्या पश्चिम भागात, इलिंगमध्ये माझ्या भाचीचं घर आहे. विटांचं, रांगेतलं, शंभर वर्षांहून जुनं. तिथल्या पहिल्या सकाळी तोंड धुवायला गेले, तर बेसिनच्या दोन टोकांना दोन वेगळे नळ. डावीकडच्या नळाचं पाणी हाताला सोसवेना, उजवीकडच्याने बोटं बधिर होत होती, आणि दोन्ही पाणी एकत्र यायची काही सोयच नव्हती. भाचीने बाहेरून विचारलं, "आत्या, जमतंय का? प्लग लाव, दोन्ही टॅप सोड आणि बेसिनमध्येच विसण घालून घे. आणि प्यायला मात्र तिथलं घेऊ नकोस, स्वयंपाकघरातल्या गार टॅपचं घे."

विसण हा शब्द तिला आजीकडून मिळालेला. लंडनच्या बेसिनवर तो इतका चपखल बसला की मी तो तिथेच वहीत लिहून ठेवला. दोन नळांचं कोडं सुटलं तेही मराठीमुळेच. जुन्या ब्रिटिश घरांत गार पाणी थेट नगराच्या नळातून येई, तर गरम पाणी पोटमाळ्यावरच्या टाकीतून खाली उतरून तापत असे. टाकी बहुतेक वेळा उघडी किंवा अर्धवट झाकलेली. तिच्यात धूळ पडायची, एखादा पक्षीही पडायचा. ते पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळू नये म्हणून नियम कडक होते आणि त्यामुळे दोन नळ लांब लांब बसवले गेले. थोडक्यात, एक पिण्याचं पाणी आणि एक वापरायचं पाणी. हा भेद महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात समजावून सांगावा लागत नाही.

दोन महिन्यांनी मी धाकट्या बहिणीकडे, न्यू जर्सीतल्या एडिसनला गेले. तिच्या सिंकवर एकच उंच, वाकडी मान आणि एकच दांडी. ती म्हणाली, "ताई, फॉसेट डावीकडे वळव, गरम येईल." वस्तू तीच, भाषाही इंग्रजीच, पण एका घरात टॅप आणि दुसऱ्या घरात फॉसेट. हा लेख त्या दोन शब्दांतून सुरू झाला.

टॅप हा अस्सल जुना इंग्रजी शब्द. पिंपाच्या भोकात ठोकायची खुंटी, हा त्याचा मूळ अर्थ. फॉसेट जुन्या फ्रेंचमधून मध्ययुगीन इंग्रजीत आला, तोही पिंपाच्याच कामासाठी. म्हणजे अमेरिकेला जाणारे लोक जहाजात चढले तेव्हा दोन्ही शब्द त्यांच्या तोंडी होते. पुढे एका किनाऱ्याने एक ठेवला, दुसऱ्याने दुसरा. अमेरिकेतही नळाच्या पाण्याला "टॅप वॉटर" म्हणतात, आणि दक्षिणेकडे फॉसेटला "स्पिगट" म्हणणारी घरं आहेत.

हे सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडे अजून पक्का बसलेला एक समज. ब्रिटिश शब्द तो खरा आणि अमेरिकन शब्द बिघडलेला, असं आम्हाला शाळेत शिकवलं गेलं. आमच्या इंग्रजीच्या बाईंनी "गार्बेज"खाली लाल रेघ ओढून वर "रबिश" लिहिलेलं मला आठवतं. पण गार्बेज हा शब्द पंधराव्या शतकातल्या इंग्लंडच्या मुदपाकखान्यांत होता. कोंबडीची आतडी, काळीज, पाय अशा टाकाऊ भागांना तो म्हणत. "ट्रॅश" शेक्सपिअरच्या नाटकांत आहे. "डायपर" म्हणजे चौकटीच्या विणीचं कापड, आणि तोही शेक्सपिअरमध्ये हात पुसायच्या पंचाच्या अर्थाने येतो. "ब्रॉइल" हे अमेरिकन स्वयंपाकघरातलं क्रियापद. विस्तव वर आणि पदार्थ खाली ठेवून भाजणं, असा त्याचा आजचा अर्थ. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या कथांतला आचारीही ब्रॉइल करतो. ब्रिटनने हा शब्द बाजूला ठेवून त्या कामाला "ग्रिल" म्हटलं. अमेरिकेत ग्रिल म्हणजे अंगणातली, खाली विस्तव असलेली जाळी. विस्तव वर की खाली, यावरून शब्द बदलतो, आणि पाककृती वाचताना हे ठाऊक नसेल तर पदार्थ करपतो.

कचऱ्याचंच घ्या. ब्रिटिश माणूस कचऱ्याच्या डब्याला "डस्टबिन" म्हणतो. आपल्याकडेही तोच शब्द रुळला. डस्ट म्हणजे धूळ. पण घरात इतकी धूळ कुठून येणार, की तिच्यासाठी वेगळा डबा लागावा? ती धूळ म्हणजे कोळशाची राख. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये प्रत्येक खोलीत शेगडी पेटत असे, आणि घरातून बाहेर पडणाऱ्या कचऱ्यात सर्वांत मोठा वाटा राखेचा असे. ती न्यायला डस्टमन येत. शहराच्या कडेला राखेचे डोंगर उभे राहत, बायका ते चाळणीने चाळत. बारीक राख वीटभट्टीवाले मातीत कालवायला विकत घेत, आणि चिंध्या, हाडं, काच वेगळी विकली जाई. या धंद्यात इतका पैसा होता की डिकन्सने १८६४-६५मध्ये त्यावर "अवर म्युच्युअल फ्रेंड" ही अख्खी कादंबरी उभी केली. आज लंडनच्या घरांत कोळसा नाही, राख नाही. डस्टबिन मात्र आहे, आणि तोच पुण्याच्या सोसायटीतही आहे, जिथे तशी राख कधी नव्हतीच.

अमेरिकेत जुनी माणसं अजून फरक पाळतात: गार्बेज म्हणजे स्वयंपाकघरातला ओला आणि ट्रॅश म्हणजे कागद, डबे वगैरे सुका. आपली महापालिका ओला कचरा, सुका कचरा म्हणते तोच हा भेद. बहिणीच्या सिंकखाली ओला कचरा दळून गटारात सोडणारं यंत्र आहे. विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावच्या जॉन हॅम्सने ते १९२७ साली घरात बनवलं. न्यूयॉर्क शहरात त्याला १९९७पर्यंत बंदी होती. बटण दाबलं की ते गुरगुरतं आणि बटाट्याची सालं दिसेनाशी होतात. इलिंगच्या भाचीकडे त्याच सालांसाठी ओट्यावर छोटा झाकणाचा डबा आहे. तिच्याकडे ते यंत्र नाही.

काही शब्द राज्यकर्ते बदलले तरी राहिले. न्यूयॉर्क १६६४पर्यंत डच लोकांचं होतं आणि त्याचं नाव न्यू ॲमस्टरडॅम होतं. डच गेले, पण त्यांची "कुकी" राहिली, कोबीची कोशिंबीर "कोलस्लॉ" राहिली, आणि घराच्या दारापुढच्या पायऱ्यांना ब्रुकलिनमध्ये आजही "स्टूप" म्हणतात. ब्रिटनमध्ये कुकीला बिस्कीटच म्हणतात, म्हणजे दोनदा भाजलेलं. अमेरिकेत बिस्कीट मागितलं तर पुढ्यात मऊ, गरम, लोण्याचा पाव येतो. बहिणीला हे पहिल्या आठवड्यात कळलं, तिच्या नवऱ्याला वर्षभरानंतर. आपण पोर्तुगीजांना हसत नाही. पाव, बटाटा, चावी, बादली, घमेलं, कोबी हे त्यांच्याकडूनच घेतले आणि आता ते आपलेच आहेत. न्यूयॉर्कच्या आजीची कुकीही तशीच तिची स्वतःची आहे.

कपाटाची गोष्ट वेगळी. "क्लॉझेट" म्हणजे मुळात आतली छोटी, खाजगी खोली. ब्रिटनमध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत "वॉटर क्लॉझेट" म्हणजे पाण्याचा संडास घरोघरी आला आणि क्लॉझेट हा शब्द त्याच्याशी जोडला गेला, मग कपड्यांसाठी तो कोण वापरणार? शिवाय ब्रिटिश बेडरूममध्ये भिंतीत जागा नसे. लाकडाचं उभं कपाट आणून ठेवावं लागे, ते "वॉर्डरोब". सी. एस. लुइसच्या १९५०च्या कादंबरीत मुलं वॉर्डरोबमधून दुसऱ्या जगात शिरतात. अमेरिकन घरात क्लॉझेट भिंतीतच बांधलेलं असतं, माणूस त्याच्या आत चालत जातो. बहिणीचं क्लॉझेट आमच्या चाळीतल्या मधल्या खोलीएवढं आहे. आपलं "कपाट" संस्कृतातून आलं. तिथे त्याचा अर्थ दार, दाराची फळी. म्हणजे आपण दारावरून सगळ्या वस्तूला नाव दिलं.

आता वांग्याकडे येते. या विषयातलं मला सर्वांत आवडलेलं प्रकरण हेच. इलिंगच्या बाजारात वांग्याला "ऑबर्जिन" म्हणतात, एडिसनमध्ये "एगप्लांट", आणि आपल्याकडचा इंग्रजी मेनू "ब्रिंजल" लिहितो. इंग्रजी एक, शब्द तीन. ऑबर्जिन फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये कातालानमधून, तिथे अरबीतून, अरबीत फारसीतून, आणि फारसीत तो भारतातून गेला. संस्कृत "वातिंगण" हे त्याचं मूळ मानतात. ब्रिंजल त्याच अरबी शब्दाचा पोर्तुगीज भाऊ. पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी तो परत भारतात आणून सोडला. म्हणजे इंग्रजांच्या ताटातलं ऑबर्जिन आणि आपल्या मेनूतलं ब्रिंजल यांची पणजी एकच, आणि ती इथली. एगप्लांट मात्र पाहून ठेवलेलं नाव. अठराव्या शतकात युरोपी लोकांनी पाहिलेल्या एका जातीची वांगी पांढरी, लहान, थेट कोंबडीच्या अंड्यासारखी होती. आजची जांभळी, दीड वीत लांब वांगी पाहून कुणाला अंडं आठवणार नाही, पण नाव राहिलं.

कोथिंबिरीच्या बाबतीत तर अमेरिकन इंग्रजी मराठीच्या जास्त जवळ आहे. ब्रिटनमध्ये पाल्यालाही "कोरिअँडर" आणि बीलाही कोरिअँडर. अमेरिकेत मेक्सिकन शेजाराने पाल्याला स्पॅनिश "सिलांट्रो" दिला आणि कोरिअँडर फक्त बीसाठी उरला. आपण कोथिंबीर आणि धणे असे दोन शब्द वापरतो, तसंच. माझं माहेर अमरावतीचं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. लग्नानंतर पुण्यात पहिल्याच आठवड्यात मी सासूबाईंना म्हटलं, "भाजीवर सांबार घालू का?" त्या काही क्षण माझ्याकडे पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "अगं, इडली कुठे केलीय आज?" बटाट्याला आलू म्हटलं की त्यांना अळू ऐकू यायचं. सासूबाईंनी कधी माझा शब्द दुरुस्त केला नाही. दोन वर्षांत त्या स्वतःच शेजारणीला सांगू लागल्या, "आमच्या सूनबाई सांबारवडी फार छान करतात." दोन इंग्रजींबद्दल मला जे म्हणायचं आहे, ते मी तेव्हाच त्यांच्याकडून शिकले होते.

इलिंगहून थोडं उत्तरेला, पेरिवेलला, एक लांबलचक पांढरीशुभ्र इमारत आहे. दर्शनी भागात हिरवे-लाल नक्षीपट्टे, रात्री हिरवट दिवे. भाचीने एका संध्याकाळी मुद्दाम तिथे नेलं. हा हूवर कंपनीचा कारखाना, १९३३ साली उघडलेला. ब्रिटनमध्ये व्हॅक्यूम क्लीनर चालवणं याला "हूवर करणं" म्हणतात. मशीन कुठल्याही कंपनीचं असो, घर हूवर करायचं. अमेरिकेत मात्र "व्हॅक्यूम करणं". सहज वाटावं की हूवर ब्रिटिश असणार. प्रत्यक्षात उलट आहे.

हवा ओढून धूळ काढण्याच्या यंत्राचं पेटंट १९०१ साली लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथने घेतलं. त्याचं यंत्र घोडागाडीवर असे, पेट्रोलवर चाले, आणि रस्त्यावरून खिडकीतून लांब नळ्या आत सोडल्या जात. १९०२मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्यानेच साफ केले. पण ते घरात मावणारं यंत्र नव्हतं. ते बनवलं ओहायोतल्या कँटन गावात जेम्स मरे स्पँग्लरने. तो एका दुकानात झाडलोट करायचा, त्याला दमा होता, आणि गालिचे झाडताना धुळीने त्याचा जीव घुसमटे. त्याने पंख्याची मोटर, झाडूची दांडी आणि उशीचा अभ्रा जोडून यंत्र केलं, आणि १९०८मध्ये पेटंट घेतलं. पैसा नव्हता. ओळखीच्या सुझन हूवर या बाईंनी ते यंत्र घरी वापरून पाहिलं. त्यांच्या नवऱ्याचा, विल्यम हूवरचा, चामड्याच्या वस्तूंचा कारखाना होता. मोटारी आल्याने खोगीर-लगामांचा धंदा उतरणीला लागलेला. त्यांनी पेटंट विकत घेतलं.

तेव्हा यंत्र मुळात ब्रिटिश, घरगुती यंत्र अमेरिकन, आणि अमेरिकन आडनावाचं क्रियापद झालं ते ब्रिटनमध्ये. अमेरिकेत अनेक कंपन्या स्पर्धेत होत्या, त्यामुळे कुणा एकीचं नाव चिकटलं नाही. ब्रिटनमध्ये हूवरने बाजार असा काही धरला, की दुसऱ्या नावाला जागाच उरली नाही. आपल्याकडे डालडा, झेरॉक्स, गोदरेजचं कपाट यांचं झालं तेच. आणि यंत्राचा जन्म ज्याच्या दम्यातून झाला, त्या स्पँग्लरचं नाव कुठल्याच भाषेने ठेवलं नाही, याचं मला त्या पांढऱ्या इमारतीपुढे उभं राहून वाईट वाटलं. तिच्या मागच्या बाजूला आता सुपरमार्केट आहे, पुढच्या भागात फ्लॅट.

ब्रिटनच्या आतही सगळं एकसारखं नाही. ॲलन रॉस या भाषेच्या प्राध्यापकांनी १९५४ साली फिनलंडच्या एका संशोधनपत्रिकेत दाखवून दिलं, की उच्चकुलीन इंग्रज "नॅपकिन" म्हणतात आणि मध्यमवर्ग "सर्व्हिएट", ते "लॅव्हेटरी" आणि हे "टॉयलेट". नॅन्सी मिटफर्ड या लेखिकेने हा विषय लोकांपुढे आणला आणि १९५६मध्ये त्याचं पुस्तक झालं. देशभर लोक जेवणाच्या टेबलावर शब्द तपासू लागले. मला यात नवल वाटलं नाही. आपल्याकडे मोरी, न्हाणी, बाथरूम यांतला कुठला शब्द तोंडी आहे, यावरून घर ओळखणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. अशी ओळख करून माणसाची किंमत ठरवणं तेव्हाही चूक होतं आणि आजही आहे.

मापांचा फरक शब्दाएवढाच फसवा आहे. "पाइंट" दोन्हीकडे, पण ब्रिटनचा ५६८ मिलिलिटरचा आणि अमेरिकेचा ४७३चा. ब्रिटनने १८२४च्या कायद्याने नवं गॅलन ठरवलं. अमेरिकेने राणी ॲनच्या काळचं दारूचं गॅलन तसंच ठेवलं. इथेही जुनं जपलं ते अमेरिकेनेच. शिवाय बॉस्टनच्या फॅनी फार्मर यांनी १८९६च्या आपल्या पाकपुस्तकात सपाट कप, सपाट चमचा यांचं माप पक्कं केलं, तेव्हापासून अमेरिकन स्वयंपाक कपाने मोजतो. ब्रिटिश स्वयंपाक तराजूने. माझ्या हाताला वाटीची सवय, त्यामुळे बहिणीकडे मी केलेला केक पहिल्या झटक्यात जमला, आणि भाचीकडे काटा पाहत बसावं लागलं.

१९४२मध्ये अमेरिकी सैनिक ब्रिटनला निघाले, तेव्हा त्यांच्या युद्धखात्याने प्रत्येकाच्या हाती एक छोटी पुस्तिका दिली. ब्रिटिशांशी कसं वागावं हे सांगणारी, आणि शेवटी शब्दांची यादी. एकच भाषा बोलणाऱ्या दोन मित्रदेशांना शब्दार्थांची यादी लागली. १९९८मध्ये हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक अमेरिकेत छापताना "जंपर"चा "स्वेटर" करावा लागला. युद्धातली यादी मला गरजेची वाटते, पुस्तकातला बदल अनाठायी. मुलांना जंपर समजला असता.

आपल्या मराठीत जे इंग्रजी शब्द आले, ते अर्थातच ब्रिटिश घरातून आले: लिफ्ट, फ्लॅट, रबर, टॉर्च. आपले मजलेही तसेच. तळमजला, मग पहिला. अमेरिकेत तळमजलाच पहिला, आणि त्यामुळे बहिणीकडे मी एक जिना जास्त चढून भलत्याच दारापुढे उभी राहिले. टॉर्च म्हणजे मुळात मशाल. अमेरिकेत ती "फ्लॅशलाइट" झाली, कारण सुरुवातीच्या बॅटऱ्या इतक्या कमजोर होत्या की दिवा सलग जळत नसे, नुसता चमकून जाई. आमच्या गावाकडे तिसरंच चाललं. "जरा बॅटरी मार इकडे" असं म्हणत आम्ही आतल्या भागावरून अख्ख्या वस्तूला नाव दिलं. दिव्याच्या तेलाला ब्रिटन "पॅराफिन" म्हणतो, अमेरिका "केरोसीन", आणि आपण दोन्ही सोडून रॉकेल आणि घासलेट घडवले.

पण एक शब्द असा आहे जो ब्रिटनमधून आला, ब्रिटनमध्ये संपला आणि आपल्याकडे जिवंत आहे. बाथरूममधला गीझर. १८६८ साली बेंजामिन वॅडी मॉघन या लंडनच्या रंगारी-सजावट कारागिराने गॅसवर ताबडतोब पाणी तापवणारं यंत्र बनवलं आणि आइसलंडमधल्या उसळत्या गरम झऱ्याचं नाव त्याला दिलं. त्याला धुराडं नव्हतं, त्यामुळे ते धोक्याचंच होतं. पुढे यंत्र सुधारलं, नाव पसरलं. आज भाचीच्या घरात "बॉइलर" आहे. तिच्या शेजारच्या तरुण इंग्रज बाईला गीझर म्हटलं, तर तिने आधी आइसलंडबद्दलच विचारलं. बहिणीकडे तळघरात उभं पिंप आहे, "वॉटर हीटर". आपल्या घरांत मात्र अजून गीझरच.

नरक चतुर्दशीच्या पहाटे आपण तेल लावून बसतो आणि आतून कुणीतरी विचारतं, "गीझर लावलाय का?" आमच्या आजीच्या वेळी हाच प्रश्न बंबाबद्दल असायचा. तो तांब्याचा बंब अजून आमच्या माळ्यावर आहे. त्याच्या आत जळण घालायच्या उभ्या नळीला आजी काय म्हणायची, ते आज घरात कुणालाच आठवत नाही. मी चार नातेवाइकांना फोन करून विचारलं, नाही मिळालं.

म्हणून हा अंक हाती येईल तेव्हा वाचकांनी एवढं करावं. दिवाळीचा माळा आवरताना खाली येणारी प्रत्येक वस्तू घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला दाखवा, आणि ती त्यांच्या घरी, त्यांच्या गावी कोणत्या नावाने ओळखली जायची, ते विचारून वहीत लिहून ठेवा. नाव वेगळं निघालं तर दुरुस्त करू नका.